पिवळ्या लोकरीच्या गाठी

वर्तकनगरच्या त्या सोसायटीत बॅडमिंटनचं जाळं फाटलं नसतं, तर नामा कोळ्याच्या हातात लोकर कधी आलीच नसती.

नामा तिथे दिवसपाळीचा वॉचमन होता. वय सहासष्ट. त्याआधीची पस्तीस-छत्तीस वर्षं त्याने ठाण्याच्या खाडीत होडी चालवण्यात घालवली. पुढे जाळ्यात बोय, निवट्यांसारखे मासे कमी, आणि प्लास्टिकच्या पिशव्याच जास्त यायला लागल्या. एक दिवस त्याने होडी किनाऱ्यावर उलटी घातली, ती घातलीच. बायको सरस्वती बारा वर्षांपूर्वी वारली होती. एकुलती मुलगी दिपिका लग्न होऊन डोंबिवलीला मानपाड्यात गेली होती आणि तिथल्या एका फार्मसीत काम करत होती. चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या दोन खोल्यांत नामा एकटाच होता. रिकामं बसवेना म्हणून त्याने निळा शर्ट अंगावर चढवला आणि गेटवरच्या खुर्चीवर येऊन बसला.

तर ते बॅडमिंटनचं जाळं. पोरांनी ओढाताण करून त्याला हात जाईल एवढी तीन भोकं पाडली होती. सेक्रेटरी नवीन आणायचं म्हणत होते. नामाने ते दुपारी मांडीवर घेतलं, खिशातला छोटा चाकू काढून भोकांच्या कडा नीट साफ कापल्या आणि घरून आणलेल्या बांबूच्या सुईने दोन तासांत भोकं भरून टाकली. संध्याकाळी पोरं खेळायला आली, तेव्हा भोकं कुठे होती ते कुणाला सांगता येईना.

तिसऱ्या मजल्यावरच्या योगिनीबाई हे बघत उभ्या होत्या. बाई शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झालेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांच्याभोवती पाच-सहा बायका लोकरीचं विणकाम करायला जमत. ठाण्यात थंडी पडून पडून पडणार किती, पण स्वेटर मात्र वर्षभर विणले जात, आणि नाशिकच्या, पुण्याच्या भाचरांकडे रवाना होत.

"नामाभाऊ, हे कुठे शिकलात?"

"शिकायचं काय बाई? आईच्या पोटातून निघालो तो जाळ्यातच पडलो."

"लोकरीचं कधी केलंय?"

"लोकरीचं जाळं टाकलं तर मासे हसतील मला."

बाई हसल्या आणि गेल्या. गोष्ट तिथेच संपायची. पण त्याच आठवड्यात दिपिकाचा फोन आला.

"बाबा, बसलायत ना?"

"बसायचाच पगार देतात. बोल बाय."

"पाचवा लागलाय मला."

नामा खुर्चीतून उठून उभा राहिला. दिपिकाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहून तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. दोन्ही वेळी तो मानपाड्याला गेला होता, आणि मुलीच्या पलंगाशी स्टुलावर बसून, काही न बोलता परत आला होता. अशा वेळी आई बोलते. बापाने काय बोलायचं असतं, ते त्याला माहीत नव्हतं.

"आधी नाही सांगितलं," दिपिका म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, टिकेपर्यंत तोंड बंद. डिसेंबरात आहे तारीख. थंडीचं बाळ होणार तुमचं."

फोन ठेवल्यावर नामा बराच वेळ गेटकडे बघत बसला. दोन गाड्या हॉर्न वाजवून वाजवून थकल्या. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. दुपारी तो हॉलच्या दारात जाऊन उभा राहिला. चपला बाहेरच काढून.

"बाई, ते लोकरीचं... किती दिवसांत येतं?"

खुर्ची दाराशीच ठेवायची ठरली, म्हणजे गेट दिसत राहील. बायकांत सगळ्यात तरुण ती मैथिली. तिची जीभ पहिल्या दिवसापासून सुटली. "काका, तुम्ही इथे टाके मोजणार, तिकडे चोर आला तर?"

"त्याला पण सुया देऊ," नामा म्हणाला.

योगिनीबाईंनी त्याला वीस टाके घालून दिले. सुलट टाका दाखवला, मग उलट. हालचाल त्याला पंधरा मिनिटांत जमली. बायका चकित झाल्या. पण आठवड्याने त्याने जो तुकडा विणून आणला, तो टेबलावर उभा राहिला. अक्षरशः उभा. आडवा पडेच ना. जाळ्याचा प्रत्येक डोळा गाठीने बंद होतो, आणि गाठ मारताना दोरा खेचायचा असतो. नामाचे हात प्रत्येक टाक्याला तसेच खेचत होते.

मैथिलीने तो तुकडा उचलून टेबलावर वाजवला. "काका, यात बाळ ठेवायचंय की बांगडा?"

बाई म्हणाल्या, "हात ढिला सोडा नामाभाऊ. इथे काही पळून जाणार नाहीये."

हात ढिला सोडणं हे नामाला आयुष्यात सगळ्यात जड गेलं. बोटांना सवय नव्हती. तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत विणायचा, उसवायचा, पुन्हा विणायचा. टाका सैल सोडला की जीव धास्तावायचा, जसं काही तिथूनच सगळं निसटून जाणार. तीन आठवड्यांनी एकदा त्याने तुकडा गालाला लावून पाहिला. तो टोचला नाही. तेव्हा बाईंनी कपाटातून पिवळ्या लोकरीचे तीन गुंडे काढून दिले. पिवळा अशासाठी, की मुलगा होवो नाहीतर मुलगी, चालतो.

स्वेटरची पाठ विणून झाली. मग समोरची डावी बाजू अर्ध्यावर आली, तेव्हा नामाला आठ-नऊ ओळी खाली एक भोक दिसलं. टाका सुटला होता. बाई चार दिवस कल्याणला बहिणीकडे गेल्या होत्या. नामाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. भोक भरायचं कसं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने चाकू काढला आणि भोकाच्या कडा नीट साफ कापल्या.

त्याच्या डोळ्यांदेखत शेजारचा टाका सुटला. मग त्याच्या शेजारचा. त्याने बोटाने दाबून धरलं, तर वरची ओळ निसटली. बाई परत आल्या, तेव्हा पिशवीत तुकड्यांचा नुसता गुंता होता.

"अहो, कापलंत?"

"फाटलेलं आधी साफ करावं लागतं ना, बाई."

"ते जाळ्यात. तुमच्या जाळ्यात प्रत्येक डोळ्याला गाठ असते, एक फाटला तर शेजारचा तग धरतो. यात गाठच नाही. एकच धागा आहे. एक टाका दुसऱ्याच्या भरवशावर उभा." त्यांनी क्रोशाची सुई घेतली, दुसऱ्या एका तुकड्यात मुद्दाम टाका सोडला आणि तो खालून वर एकेक ओळ चढवत आणून दाखवला. "सुटलेल्याला असं हाताला धरून वर आणायचं. कापायचं नाही."

नामाने डावी बाजू पुन्हा घातली. या वेळी चूक झाली नाही. बाह्या त्याला विशेष आवडल्या. हळूहळू अरुंद होत जाणारी बाही विणताना त्याला जाळ्याचं टोक आठवे. फक्त एका बाबतीत त्याने बाईंचं ऐकलं नाही. विणून झाल्यावर धाग्याचं टोक सुईने आतल्या आत ओवून टाकायचं असतं. नामाला ते पटेना. नुसतं ओवलेलं टोक बाळाने ओढलं तर? त्याने प्रत्येक टोकाला जाळ्याची गाठ मारली. पाठीला एक, समोरच्या दोन बाजूंना दोन, बाह्यांना दोन, गळ्याला एक आणि नाडीला एक. सात गाठी. टोचू नयेत म्हणून सगळ्या शिवणीच्या बाहेरच्या बाजूला. समुद्राच्या ओढीत न सुटणारी गाठ ती, बाळाच्या मुठीत काय सुटणार होती!

सातव्या महिन्यात मानपाड्याला डोहाळजेवण होतं. नामा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. जावई साईनाथ एमआयडीसीत कामाला, त्याने सुट्टी घेतली होती. खोलीभर बायका, दिपिका हिरव्या साडीत मधोमध. नामाने संकोचत पिशवीतून स्वेटर काढून तिच्या मांडीवर ठेवला.

विहीणबाई रंगूबाई ओटी भरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"व्याही, हे आत्ता कशाला आणलंत? मूल हातात येईपर्यंत नवीन काय करत नाय. पहिलं अंगावर जुनंच घालायचं असतं. तुम्हाला घरात कोणी सांगितलं नाय का?"

म्हणाल्या आणि त्यांनीच जीभ चावली. सांगणारं घरात कोण होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

नामाने हात पुढे केला. "मला ठाऊक नव्हतं. देतेस का बाय, मी ठेवतो माझ्याकडे."

पण दिपिकाने स्वेटर सोडला नाही. "असू दे हो आई. बाबांनी केलंय." तिने दोन बोटं त्या बाहीत घातली आणि टोकातून बाहेर काढून हलवली. "बघा बाबा, टाटा करतंय."

सगळ्या बायका हसल्या. रंगूबाईसुद्धा हसल्या, जरा उशिरा.

शुक्रवारी नामाने हॉलमध्ये हे सांगितलं, तेव्हा योगिनीबाईंनी सुया खाली ठेवल्या. "माझंच चुकलं. आमच्याकडेही शेवटचा टाका सुईवर ठेवायचे. बाळ रडलं की मग तो बंद करायचा. सगळ्या बायकांना माहीत असतं, म्हणून सांगायचं ध्यानातच आलं नाही. पण तसं काही नसतं हो नामाभाऊ. मनाला लावून घेऊ नका."

आठव्या महिन्यात, एका गुरुवारी सकाळी साईनाथचा फोन आला. बाळ पोटात हलत नव्हतं.

नामा डोंबिवलीच्या हॉस्पिटलात पोचला, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मुलगी होती. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्या साईनाथला म्हणाल्या, कधी कधी असं होतं, कुणाची चूक नसते, कारण सांगता येत नाही.

दिपिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी तो पिवळा स्वेटर होता. गेला महिनाभर ती तो उशाशी घेऊन झोपायची आणि दवाखान्याच्या पिशवीत तिनेच तो भरून आणला होता. नामा स्टुलावर बसला.

दिपिका भिंतीशीच बोलत होती. "मंगळवारी मी पाण्याची कळशी उचलली. आई नको म्हणत होत्या. मी म्हटलं, काय होतंय. त्यानेच झालं ना? रविवारी जिने पण चढले दोनदा. मीच मारली तिला. बाबा, मीच."

"नाय गो."

"मग का झालं? तिन्ही वेळा माझंच का?"

नामाला उत्तर माहीत नव्हतं. डॉक्टरांकडेही नव्हतं. आणि दिपिका तर हातावर मूठ मारत होती, सलाईनची सुई लावलेल्या हातावर. काहीतरी तिच्या हाती द्यायला हवं होतं.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मी आधीच विणलं. विहीणबाई सांगत होत्या. मी शेवटचा टाकाही बंद केला. तुझा काय दोष नाय, बाय. माझा हाय."

मूठ थांबली. दिपिकाने मान वळवून बापाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. नामाला वाटलं, बरं झालं. आता निदान स्वतःला तरी मारणार नाही.

दाराशी उभ्या रंगूबाईंनी ते ऐकलं होतं. त्या पुढे आल्या, उशाशेजारचा स्वेटर उचलला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि नामाच्या हातात दिला. रागावून नव्हे. "हे घेऊन जा, व्याही."

बाळाला रंगूबाईंच्या जुन्या साडीत गुंडाळलं होतं. पहिलं अंगावर जुनंच, म्हणून ती साडी त्यांनी कधीची धुऊन ठेवली होती. साईनाथने तिला छातीशी धरलं, आणि तो व नामा रिक्षाने स्मशानाकडे निघाले. वारा लागत होता म्हणून साईनाथने साडीचं टोक तिच्या डोक्यावरून घेतलं. नामा शेजारी बसला होता. सबंध वाटभर त्याच्या मांडीवर ती पिशवी होती. खड्ड्यात ठेवतानाही ती त्याच्या डाव्या हातात होती, म्हणून माती त्याने एका हातानेच दिली.

त्यानंतर दिपिकाचा फोन आला नाही. नामा करायचा, तर साईनाथ उचलायचा. "झोपलीय, बाबा." "बाहेर गेलीय." पुढे पुढे नामाच विचारायचा, "झोपलीय ना? झोपू दे."

महिनाभर तो हॉलकडे फिरकला नाही. मग एका मंगळवारी बाईच गेटवर आल्या आणि त्याच्या टेबलावर सुया व राखाडी लोकर ठेवून गेल्या. नामाने दोन तास त्यांना हात लावला नाही. तिसऱ्या तासाला टाके घातले.

त्या वर्षभरात त्याचा हात असा काही बसला की बाईंनाही नवल वाटावं. वेणीची वीण आली, शेवाळाची आली. जाळीची वीण तर त्याने एकदा बघून उचलली. भोकं ठेवत ठेवत विणणं त्याला नवीन नव्हतं. बाईंसाठी त्याने पांढरी जाळीची शाल केली, ती अंगठीतून निघायची. कुणाचा टाका सुटला की बायका बाईंऐवजी त्याच्याकडे यायच्या. तो क्रोशाची सुई घेऊन सुटलेला टाका एकेक ओळ वर आणायचा. आता त्याचा हात इतका ढिला पडला होता, की विणलेलं कापड पाण्यासारखं वाकायचं.

मैथिलीच्या बहिणीला मुलगा झाला. बारसं पुढच्या आठवड्यावर होतं. मैथिली म्हणाली, "काका, एक टोपडं करून द्या ना. आता तर बाळ झालंय, आता काही हरकत नाही."

"माझ्या हातचं नको, पोरी."

मैथिलीची जीभ पहिल्यांदाच अडखळली. नामाने त्या दिवशी सगळ्यांच्या आधी सुया गुंडाळल्या.

कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला लेकी माहेरी येतात. त्या वर्षी दिपिका आली नाही. नामाने वाटीभर नारळीभात केला आणि शेजारच्या गोदूबाईंकडे देऊन टाकला. पुढच्या वर्षी त्याने भात केलाच नाही. दुपारी चारच्या सुमाराला तो ओट्यावर बसला होता, तर गल्लीच्या तोंडाशी दिपिका दिसली. एकटीच. वाळली होती. केस मागे घट्ट बांधलेले.

ती आत आली, सरस्वतीच्या फोटोला हात जोडले, पाणी प्यायली.

"भात नाही केलात?"

"माहीत असतं तर केला असता."

बाहेर बँड जमत होता, कुणीतरी ढोल तापवत होतं.

"तो स्वेटर आहे का?" दिपिकाने विचारलं.

नामा उठला. पत्र्याच्या पेटीतून, सरस्वतीच्या लुगड्याखालून त्याने ती पिशवी काढली. तीच प्लास्टिकची पिशवी. दिपिकाने स्वेटर बाहेर काढून मांडीवर पसरला आणि हाताने सपाट केला.

"बाबा, तुम्ही खोटं बोललात. मला तेव्हाच कळलं होतं."

नामाने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"विणल्याने कोण मरतं का? मी फार्मसीत काम करते, मला कळत नाही?"

"मग राग..."

"राग त्याचा नव्हता." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तिला माझ्याजवळ दिलं होतं. एकदाच, पाच मिनिटं. थंड लागत होती हो. इतकी थंड. माझ्या मनात होतं, तिला हा घालावा. मी सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, यानेच झालं. मग मी कुठल्या तोंडाने म्हणू, की घाला तिला म्हणून? आईंनी उचलून पिशवीत टाकला. तुम्ही घेऊन गेलात. तुमच्या हातात होता ना तो? तिथपर्यंत?"

"होता," नामा म्हणाला.

"आणि ती नुसती साडीत."

"होय."

तिच्या मनाला पडलेलं भोक बुजवायला म्हणून त्याने तिथे काय कापलं होतं, ते नामाला आत्ता, पावणेदोन वर्षांनी दिसलं. माफी मागावी, तर शब्द फार छोटे होते. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

थोड्या वेळाने दिपिकाने डोळे पुसले. "उसवा हा. मला असा बघवत नाही. नुसती लोकर असेल, तर बघवेल."

नामाने स्वेटर हातात घेतला. शिवणीवर धाग्याचं टोक शोधलं. तिथे गाठ होती. नखाने ओढली, सुटेना. बाहीकडे गेला, तिथेही गाठ. गळ्याला, नाडीला. त्याने दाताने धरून पाहिलं, सुईचं टोक घालून पाहिलं. स्वतःच मारलेल्या गाठी, पण सुटाव्यात म्हणून मारलेल्याच नव्हत्या. त्या काळचे टाकेही किती घट्ट होते! आता त्याने विणला असता, तर किती मऊ केला असता.

"नाय सुटत," तो म्हणाला, आणि सवयीने त्याचा हात खिशातल्या चाकूकडे गेला. पातं उघडलं.

दिपिकाने त्याचं मनगट धरलं. "कापू नका."

"मग?"

"राहू दे."

त्याने चाकू मिटला. तिने स्वेटर परत मांडीवर घेतला. दोन बोटं त्या बाहीत घातली, टोकापर्यंत नेली आणि तशीच ठेवली. हलवली नाहीत. नामा त्या बोटांकडे बघत राहिला. बाहेर नारळ घेऊन माणसं खाडीकडे निघाली होती. गोदूबाईंनी दारातून हाक मारली, "नामा, चल ना रे." त्याने नुसता हात वर केला, तुम्ही व्हा पुढे म्हणून.